हौसा थिटे कोण?

“ही हौसा थिटे कोण?”

फोन स्पीकरवर होता, त्यामुळे प्रश्न साऱ्या पडवीनं ऐकला. पडवीत आम्ही तिघंच होतो. चुलीपुढं भागीरथीकाकू, परातीत भाकरी थापत. उंबऱ्याला टेकून तिचा पुतण्या नामदेव, काडीनं दात कोरत. आणि काकूचा मोबाईल हातात धरून मी, गावची बँक सखी, जिला असल्या प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ असायला हवी होती.

“कोण म्हणालात, मॅडम?” मी वेळ काढला.

“हौसा मारुती थिटे. तुम्ही पाठवलेला आयडी टाकला, ‘भागीरथी डॉट भाकरी’. तर खाली बँकेतलं नाव आलं हौसा थिटे. म्हणून फक्त एक रुपया पाठवला, कुणाला पोचतो ते बघायला. पोचला का तुमच्याकडे?”

“पोचला.”

“मग मला सांगा, मी व्यवहार ठरवला भागीरथी नागटिळक यांच्याशी. ही बाई मध्येच कुठून आली?”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते कुणाला पटण्यासारखं नव्हतं.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. भोगी तीन दिवसांवर आली होती. आमचं पिंपळसर मोहोळच्या अलीकडं, हायवेपासून चार किलोमीटर आत. तिथं भागीरथीकाकूच्या कडक भाकरीला तोड नव्हती. शाळूची भाकरी, कागदासारखी पातळ, तव्यावरून उतरली की चुलीच्या कडेला निखाऱ्याच्या धगीवर उभी करायची आणि पार कडकडीत होऊ द्यायची. महिनाभर टिकते. मोडली की कट्ट आवाज आला पाहिजे, नाहीतर काकू ती शेरडापुढं टाकायची. गिऱ्हाइकाला नाही.

भाकरी तिची, हात तिचे, धूर तिच्या डोळ्यांत. पैसे मात्र नामदेवच्या फोनवर. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, पोटी मूलबाळ नाही, पुतण्याच्या पडवीत राहणं. सोलापूरचे दुकानदार नामदेवच्या नंबरवर पैसे टाकायचे आणि नामदेव त्याच्या मनाला येईल तेव्हा, मनाला येईल तेवढे तिच्या हातावर ठेवायचा. तो दुष्ट होता असं नाही. काकूला दुखलं-खुपलं तर मोटरसायकलवर घालून दवाखान्यात न्यायचा. पण तिचे पैसे हे तिचे, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती. त्या वर्षी तिला चष्मा हवा होता. चार महिने “बघू की” चाललं होतं आणि चार महिने ती तव्याचा अंदाज बोटांनी घेत होती. बोटांवरचे फोड पाहून माझंच टाळकं फिरलं.

मी तेव्हा दोन वर्षांची बँक सखी. अंगठ्याचं यंत्र, टेबल, खुर्ची, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रोज दहा ते दोन. चारशे खाती माझ्या हाताखालून गेलेली, त्यामुळे अंगात थोडा वारा शिरलेला होता हे कबूल करते. काकूला मी मोहोळच्या शाखेत नेलं. तिनं भिशीच्या पैशातून एक साधा टचचा मोबाईल घेतला होता, तो नंबर तिच्या खात्याला जोडून घेतला. पासबुकावरचं नाव तेव्हाच माझ्या नजरेला पडलं होतं.

“काकू, हे हौसा मारुती थिटे काय आहे?”

“आधारावर तसं हाय. त्या कँपवाल्यानं लिवलं.”

“चुकलंच की मग. माहेरचं नाव घातलं मेल्यानं.”

काकूनं पासबुक मिटून पिशवीत टाकलं. मी पुढं विचारलं नाही. असल्या चुका आमच्याकडं पैशाला पासरी. एका म्हाताऱ्याच्या आधारवर जन्मसाल असं पडलंय की तो स्वतःच्या मुलापेक्षा धाकटा ठरतो.

मग ओट्यावर बसून मी तिला सगळं समजावलं. “काकू, हा यूपीआय आयडी. म्हणजे पैशाचा पत्ता. पोस्टमनला घराचा पत्ता देतो तसा हा खुशाल कुणालाही द्यायचा. तेवढ्यावरून कुणाला तुझ्या खात्यातला छदाम काढता येत नाही. आणि हा पिन, चार आकड्यांचा. हा फक्त पैसे देताना दाबायचा. पैसे घ्यायला कधीच लागत नाही. घेण्यासाठी पिन टाका असं कोण म्हणालं की समजायचं, चोर. आणि हा कुणाला सांगायचा नाही. मला नाही, नामदेवभाऊजींना नाही, बँकेतनं बोलतोय म्हणणाऱ्याला तर नाहीच नाही.”

काकूनं मोबाईल पदराला पुसला.

“म्हंजी भाकरी कुणालाबी, पर परमाण कुणालाच न्हाई.”

परमाण म्हणजे पीठ, मीठ आणि आधणाचं पाणी यांचं तिचं गणित. सख्ख्या नणंदेनं विचारलं तरी तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी दोन वर्षं साऱ्या गावाला जे शिकवत होते, ते या बाईनं एका ओळीत सांगून टाकलं.

“अगदी तसंच,” मी म्हटलं. “आणि पत्त्याला नाव काय देऊ?”

“तुला काय सुचंल ते दे.”

इथं मी माती खाल्ली. साऱ्या पंचक्रोशीत ती भागीरथीकाकू, म्हणून मी मोठ्या हौसेनं पत्ता केला ‘भागीरथी डॉट भाकरी’. पत्त्यावर काहीही लिहिलं तरी पैसे पाठवणाऱ्याला खाली बँकेतलं नाव दिसतं, हे मला पक्कं माहीत होतं. रोज लोकांना सांगत होते, नाव वाचल्याशिवाय पैसे सोडू नका. पण ते सांगणं दुसऱ्यांसाठी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

आता पुण्याच्या अनघा करंदीकर मॅडम. त्यांची तिकडं गावरान खाऊची दोन दुकानं. भोगीसाठी सहाशे भाकरी, चव आवडली तर पुढं दर आठवड्याला पाचशे. निम्मे पैसे आधी. त्यांचा टेम्पो शेंगदाण्याची चटणी घ्यायला सोलापूरला आला होता आणि बारा वाजता हायवेवरून परत जाणार होता. पैसे ठरले की तो आत वळणार, नाहीतर पुढच्या गावात दुसऱ्या बाईंच्या भाकरी तयार होत्या. इकडं काकूच्या सहाशे भाकरी पांढऱ्या धडप्यात बांधून पडवीत रचलेल्या. वर अजून चाळीस हाताशी असाव्यात म्हणून ती थापत होती.

पण खरा प्रश्न सहाशे भाकरींचा नव्हता. हे पैसे तिच्या स्वतःच्या पत्त्यावर येणारे पहिलेच. हे जमलं तर पुढं सारं तिच्या हातात येणार होतं. फिसकटलं तर पुन्हा नामदेवचा फोन आणि “बघू की”. हे ती जाणून होती, मीही, आणि उंबऱ्यावर बसलेला नामदेवही.

“मॅडम,” मी म्हटलं, “हौसा थिटे म्हणजे भागीरथीकाकूच. तिचं माहेरचं नाव चुकून लागलंय.”

“वैजयंताताई, माझ्या जागी येऊन बघा.” बाईंचा आवाज चढला नाही, पण कोरडा झाला. “गेल्या महिन्यात ‘सोलापूरची कडक भाकरी’ म्हणून एकानं फोटो पाठवले. नाव वेगळं दिसत होतं. म्हणाला, वहिनीचं खातं आहे. मी अठरा हजार पाठवले. ना भाकरी आली ना फोन लागला. तेव्हा ठरवलं, नाव जुळल्याशिवाय एक पैसा सोडायचा नाही. आता तुम्हीही तेच सांगताय, माहेरचं नाव, चुकून लागलंय.”

बाई बरोबर होत्या. माझ्या ओट्यावर बसून त्यांनी हे सांगितलं असतं तर मी त्यांची पाठ थोपटली असती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

नामदेवनं तोंडातली काडी काढली.

“वैनी, कशाला डोक्याला ताप? माझा नंबर द्या त्यास्नी. नामदेव नागटिळक, नाव सुदीक येतंय. आजपातूर कुणाचं काय अडलं व्हतं का?”

बाईंनी ते ऐकलं. “कोण बोलतंय?”

“मी पुतण्या, मॅडम. घरचाच माणूस.”

“नागटिळक नाव येत असेल तर माझी हरकत नाही. आडनाव तरी जुळतंय. अकरा चाळीस झालेत, माझा ड्रायव्हर विचारतोय.”

खोटं कशाला बोलू, मी डळमळले. रचलेल्या भाकरींकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि काकूजवळ जाऊन हळूच म्हटलं, “काकू, आजच्या दिवस भाऊजींच्या नंबरवर घेऊ या का? माल पडून राहायला नको. पुढच्या वेळेपर्यंत मी बँकेतलं नाव दुरुस्त करून आणते.”

काकूनं हातातली भाकरी पुरती थापली. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. मग माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण मी ज्या हातानं तिला शाखेत नेलं होतं तोच हात आता मागं घेतेय हे तिला दिसलं होतं. मला लाज वाटली. आज सांगतानाही वाटते.

“फोन हिकडं आण,” ती म्हणाली.

हाताला पीठ होतं, म्हणून मीच मोबाईल तिच्या तोंडाशी धरला.

“राम राम बाई. मी भाकरीवाली बोलतिया.”

“नमस्कार काकू. रागावू नका, पण मी एकदा फसलेय.”

“राग कशाचा? पारखूनच घ्यावं माणसानं. मीबी जवारी तोंडात टाकून, फोडून बघितल्याबिगर घेत न्हाई. बाई, तुमचं नाव काय?”

“अनघा करंदीकर. तुम्हाला माहीत आहे की.”

“ते माहीत हाय. वैजंता, त्यो रुपया आलाय न्हवं, त्यो कुणाच्या नावानं आलाय? वाच बरं.”

रुपया आल्याचा टिंग आवाज मी ऐकला होता, पण पाठवणाऱ्याचं नाव वाचायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दोन वर्षं सखी, चारशे खाती, आणि हे. मी मेसेज उघडला. इंग्रजीत होतं.

“शुभदा वसंत लिमये,” मी वाचलं.

नामदेवच्या हातातली काडी खाली पडली.

“ही शुभदा कोण, बाई?” काकूनं विचारलं. अगदी सरळ विचारलं, टोमणा नव्हता. “मी सौदा अनघाबाईसंगं केलाय. ही मधीच कुठनं आली?”

तव्यावरची भाकरी उलटायला आली होती, ती काकूनं उलटली. मग फोनमधून हसू ऐकू आलं. आधी दाबलेलं, मग चांगलं मोकळं.

“मीच हो काकू. माहेरचं नाव. पहिली नोकरी लागली तेव्हा उघडलेलं खातं आहे ते. मग लग्न झालं, नाव बदललं, खात्यावर बदलायचं राहून…” बाई थांबल्या. “नाही, राहून नाही गेलं. बदललंच नाही मी. धंदा सुरू केला तो याच खात्यातल्या पैशांवर. म्हटलं, असू दे हे एक.”

“तांदळाच्या ताटात लिवलं व्हतं का तुमचं?”

“हो. अंगठीनं. लिहून झाल्यावर मला दाखवलं.”

“माझं बोटानं. आंगठी कुठली आलीया आमच्याकडं? मालकास्नी लिवता येत नव्हतं, भटजींनी त्यांचा हात धरून गिरवलं. भागीरथी. मला वाचाया येत व्हतं. मी वाचलं, आन मनात म्हनलं, ही कोण?”

मी नामदेवकडं पाहिलं. आपल्या चुलतीला वाचता येतं ही बातमी त्याला नवीन असावी, कारण तो तिच्याकडं पाहुण्याकडं बघावं तसा बघत होता.

“काकू, मला पटलं,” बाई म्हणाल्या. “तरी एखादा कागद दाखवा. स्वभावच झालाय आता.”

“दावती की. पर फोटू धाडायची न्हाई. वैजंता म्हणती, कागदाचा फोटू कुणालाबी धाडू नये. तुम्ही समूर या, तोंड बघा.”

मी व्हिडिओ कॉल लावला. काकूनं हात धुतले, आत गेली, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी हात घालून प्लास्टिकच्या पिशवीतला एक पिवळा कागद काढून आणला. घडीवर चार ठिकाणी चिरलेला. जीवन शिक्षण मंदिर, शाळा सोडल्याचा दाखला. विद्यार्थिनीचे नाव, हौसा मारुती थिटे. इयत्ता चौथी उत्तीर्ण. वर्तणूक, चांगली. एका हातात तो दाखला, दुसऱ्या हातात कडक भाकरी, आणि मधे घामानं थबथबलेला चेहरा, असं ते दर्शन पुण्याला घडलं. काकूनं कॅमेऱ्यापुढं भाकरी मोडली. कट्ट.

“आवाज आला?”

“आला,” बाई म्हणाल्या. “वर्तणूकही वाचली. टेम्पो आत वळवायला सांगते.”

अकरा बावन्नला मोबाईल वाजला. अर्धे पैसे, शुभदा वसंत लिमये यांच्याकडून हौसा मारुती थिटे यांना. काकूनं मला ते दोनदा वाचायला लावलं. पहिल्यांदा आकडा ऐकला. दुसऱ्यांदा आकड्याकडं तिचं लक्षच नव्हतं.

नामदेव उठला. दोन धडपी खांद्यावर घेऊन टेम्पोच्या वाटेकडं निघाला आणि दारात थांबून सवयीनं म्हणाला, “काकू, पीठ संपलंय. पिन सांग, मी गिरणीवाल्याचं देऊन टाकतो.”

“परमाण सांगत न्हाई मी कुणाला,” काकू म्हणाली. “गिरणीवाल्याला म्हणावं, पत्ता दे. मी धाडती.”

नामदेव हसला. मनापासून हसला की ओशाळून, ते सांगता यायचं नाही, पण भाकरी मात्र त्यानं एकही न मोडता टेम्पोत चढवल्या.

टेम्पो गेल्यावर मी पिशवीतून फॉर्म काढला. मघाशी डळमळले होते त्याची भरपाई करायची होती. “काकू, आज निभावलं. पण दर वेळी असं व्हिडिओवर दाखले दाखवत बसणार का? हा नाव दुरुस्तीचा फॉर्म. इथं अंगठा, नाही, इथं सही कर. आधारवाल्याची चूक महिन्याभरात दुरुस्त करून आणते. भागीरथी शंकर नागटिळक. सगळीकडं एकच नाव.”

काकूनं फॉर्म घेतला. खालपासून वरपर्यंत पाहिला. मग त्याची छान लांब घडी घातली, चुलीत सारली आणि फुंकणीनं दोन फुंकरा मारल्या.

“आगं काकू!”

“चूक न्हाई ती.”

“म्हणजे?”

“मीच सांगितलं त्याला. शाळंत कँप लागला व्हता. ह्यास्नी जाऊन वरीस झालतं, नामदेव ऊसतोडीला. मी एकलीच रांगेत. त्या पोरानं मान वर केली आन इचारलं, आजी, नाव काय तुमचं?” चुलीच्या उजेडात तिचा चेहरा लाल झाला होता. “चाळीस वर्सांत पयल्यांदा कुणी मला इचारलं गं. लग्नात कुठं इचारलं व्हतं? लिवलं आन दावलं. म्हनलं, आज इचारलंय तर खरं सांगावं. दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन गेले आन लिवून घेतलं.”

इतके दिवस मी या बाईला तिचं नाव कसं जपायचं ते शिकवत होते.

“पत्त्यावरचं ते भागीरथी काढ,” ती म्हणाली. “ती चांगली बाई हाय, पर पैसं माझं हायत.”

मी तिथंच बसून नवा पत्ता केला, ‘हौसा डॉट भाकरी’. आता वरचं आणि खालचं नाव एक झालं, आणि त्यानंतर कुणीही तिला ही कोण असं विचारलं नाही. चष्मा त्याच आठवड्यात आला. आज तिच्या पडवीत चार चुली आहेत, चार बायका आहेत, आणि परमाण अजून एकटीलाच ठाऊक आहे.

त्या दिवशी मी निघाले तेव्हा तिनं मघाशी मोडलेल्या भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि सहज विचारलं, “तुझं काय व्हतं गं? माहेरचं?”

सासरी थोरल्या जावेचं नाव माझंच होतं. एका घरात दोन नकोत, म्हणून मला ताटात वैजयंता केलं होतं. त्याला वीस वर्षं झाली होती. तोंडातून नाव निघायला जरा वेळ लागला.

“मंगल,” मी म्हटलं.

साऱ्या गावात त्या नावानं मला हाक मारणारी ती एकटीच. सात वर्षं झाली, अजून मारते. काल तिच्या दारावरून घाईत चालले होते, तर आतून आवाज आला, “मंगल, थांब गं. गरम हाय, खाऊन जा.”